तंतुकणिकेचे शुद्धिपत्र

आमच्या घरात कपाटाच्या फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरलेलं मला आठवत नाही. पत्रकं अंथरलेली असायची. मी वाचायला शिकले ती डाळीच्या डब्याखालून डोकावणाऱ्या मथळ्यांवर. 'कामगार बंधूंनो', 'अंगात येते म्हणजे काय होते', 'ग्रहणात खुशाल जेवा'. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कॉटनपेटच्या एका गल्लीत छापखाना होता. खाली छापखाना, वर आम्ही. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, डाव्या भिंतीला कन्नड खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसी, उजव्या भिंतीला मराठी. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या राहिलेलं, की गल्लीत 'सरी' म्हणणं आणि घरात 'बरं' म्हणणं यांत जीभ अडखळत नसे. कन्नडमध्ये बहुतेक युनियनची पत्रकं निघत, मराठीत महिला मंडळाची आणि अंधश्रद्धेविरुद्धची.

अण्णांचे दोन नियम होते. जुळाऱ्यानं, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यानं, मजकुराला हात लावायचा नाही, समोरचा मजकूर मूर्खासारखा असला तरी. आणि छापलेली चूक छापूनच दुरुस्त करायची, त्याच टायपात, त्याच आकारात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत शुद्धिपत्र छापणाऱ्या माणसाला ते लबाड म्हणत. हे दोन नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ होते.

मराठी केसीत 'ळ'चे खिळे कमी होते. टाईप उत्तरेकडून आलेला, तिकडच्या लोकांना 'ळ'शी काय देणंघेणं. त्यामुळे मी लिहायला लागले तीच 'ळ' चुकवत. 'सगळे' न लिहिता 'सर्व', 'वेळ' न लिहिता 'क्षण'. अण्णा म्हणायचे, हात आखडता घेऊन लिहिलं की लिहिणं सुधारतं. त्यांच्या तोंडून निघालेलं काहीही मला तेव्हा खरं वाटे.

एकोणीस वर्षांची असताना मी 'आईचा वारसा' हे पत्रक लिहिलं. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पेशीला शक्ती पुरवणारे बारीक घटक, मायटोकॉन्ड्रिया, मुलाला फक्त आईकडून मिळतात, हे वर्गात ऐकलं आणि मी पेटले. आडनाव बापाचं, घर बापाचं, आणि प्रत्येक पेशीतली चूल मात्र आईनं पेटवलेली! याहून चांगला मुद्दा महिला दिनाला कुठे मिळणार होता? एका जुन्या परिभाषाकोशात मायटोकॉन्ड्रियाला मराठी शब्द सापडला: तंतुकणिका. दोऱ्यासारखी आणि दाण्यासारखी. हा शब्द मी दिवसभर घोळवत होते. ती एकाच वेळी दोरा आणि दाणा कशी असेल, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. मला प्रश्न कमी पडत आणि उत्तरं फार सुचत.

पत्रकातलं शेवटचं वाक्य असं होतं: 'तंतुकणिकांचे जे काही आहे, बरे आणि वाईट, ते फक्त आईकडून येते.' अण्णांनी ते ठळक टायपात घेतलं आणि भोवती चौकट टाकली. आईनं घड्या घातल्या. मावशीनं वाटली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आजी-आजोबा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिशी उलटून गेल्यावर तिचं लग्न ठरलं होतं, चिकपेटमधल्या एका मराठी साडीदुकानदाराच्या घरी. मुलगा साधा, हसरा. रविवारी तिला लालबागेत फिरायला न्यायचा आणि सगळ्यांसमोर परत आणून सोडायचा. साखरपुडा झाला होता. माझ्या पत्रकाची एक प्रत मावशीनं स्वतः नेऊन होणाऱ्या सासूला दिली. माझ्या भाचीनं लिहिलंय म्हणाली. घरी येऊन मला सांगितलं, सासूनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मला फार अभिमान वाटला.

माझी धाकटी बहीण तेव्हा दहावीत होती. तिचं आणि माझं एक जुनं भांडण होतं. शाळेचा स्कर्ट मी निळा म्हणायचे, ती हिरवा म्हणायची. भांडण अण्णांकडे गेलं की ते हसून तिची बाजू घेत, आणि आई आतून कपबशा आपटल्यासारखा आवाज करी. पत्रक निघालं त्याच वर्षी बाईंची तक्रार आली की मुलगी फळ्यावरचं वाचत नाही, मान तिरकी करून बघते. चष्मेवाल्यानं नंबर लावला, काही फरक पडला नाही. मग मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत औषध घालून पाहिलं आणि म्हणाले की डोळ्याच्या मागची नस फिकी पडली आहे. चष्म्यानं यात काही होणार नाही. असे आजार घराण्यातून येतात. त्यातला एक प्रकार आईकडून येतो, तो असू शकेल. पण आज नक्की सांगता येत नाही, घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा.

आई गेली. मावशी एक्स्चेंजमधून अर्धी रजा काढून गेली. मीही गेले. तिघींचे डोळे स्वच्छ निघाले. अण्णा आले नाहीत. युनियनच्या पत्रकाचं काम अडलं होतं म्हणाले, पुढच्या आठवड्यात जातो म्हणाले. पुढचा आठवडा आला नाही. डॉक्टरांनी आम्हाला एवढंच सांगितलं की आईकडून येणाऱ्या त्या प्रकारात बाईचे डोळे चांगले असले तरी ती आजार पुढे देऊ शकते. म्हणजे आमचे स्वच्छ डोळे आमच्या कामाचे नव्हते.

ही बातमी चिकपेटपर्यंत कशी गेली, ते विचारायची गरज नाही. मावशीनंच सांगितली. ती लपवणारी बाई नव्हती.

एका दुपारी मुलाची आई आणि तिची थोरली जाऊबाई आमच्याकडे आल्या. आईनं कॉफी केली. मुलाच्या आईनं पिशवीतून चौघडी घातलेलं माझं पत्रक काढलं आणि मांडीवर नीट उलगडलं.

"अक्का, आम्ही काही जुन्या विचारांची माणसं नाही," ती माझ्या आईला म्हणाली. "पत्रिकासुद्धा बघितली नाही आम्ही. पण हे तुमच्याच मुलीनं लिहिलंय की. बरं आणि वाईट, फक्त आईकडून. धाकटीला तुमच्याकडून आलं. तुम्हाला तुमच्या आईकडून. मग तुमच्या बहिणीलाही तिथूनच की."

मी म्हणाले, डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत. ती माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाली, "तू शिकलेली आहेस. तूच सांग, मी काही चुकीचं वाचलं का?"

तिनं चुकीचं वाचलं नव्हतं. तिचा तर्क पायरीपायरीनं बरोबर होता, आणि प्रत्येक पायरी मी बांधली होती. अंधश्रद्धेनं मोडलेली लग्नं मी पत्रकांत रंगवली होती. हे लग्न विज्ञानानं मोडत होतं, आणि ते अर्धवट विज्ञान मी चौकटीत छापून घरपोच केलं होतं. अण्णा खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. पुसून झाला, डोळ्यांवर चढवला, काढून पुन्हा पुसला. मला वाटलं, माझी चूक त्यांनी पोटात घातली. एवढा मोठा माणूस, म्हटलं.

अंगठी परत गेली. मावशीनं बदली मागून घेतली ती देवनहळ्ळीच्या एक्स्चेंजला. तेव्हा तो लांबचा तालुका होता, किल्ला, द्राक्षांचे मळे आणि दिवसातून मोजक्या बस. जाताना ती मला काही बोलली नाही. आईला मात्र बायका बोलायच्या. हळदीकुंकवाला तिच्या मांडीवर कुणी लहान मूल देईनासं झालं. 'ती आई' असा तिचा उल्लेख मी स्वतः ऐकला. धाकटीला वर्गात पुस्तक नाकाशी धरावं लागे, आणि ती तसं धरून बसली की आई दुसऱ्या खोलीत निघून जाई. मी पत्रकं लिहिणं थांबवलं का? नाही. हुंड्यावर लिहिलं, अणुस्फोटावर लिहिलं. पेशीवर फक्त लिहिलं नाही.

तीन-चार वर्षं अशी गेली, मी नोकरीला लागले. मंडळाच्या वाचनालयात मी रविवारी बसायचे. तिथे पुण्याहून आलेली एक संशोधक विद्यार्थिनी पुस्तकं न्यायला यायची, शहराच्या उत्तरेला एका संस्थेत यीस्टवर काम करणारी. एकदा परत आणलेल्या कादंबरीत तिला खूण म्हणून घातलेलं 'आईचा वारसा' मिळालं. माझ्या टेबलाशी उभ्याउभ्याच तिनं ते वाचलं आणि हसली.

"हे तू लिहिलंयस? पॅशन जबरी आहे गं. पण बायोलॉजी अर्धीच आहे."

मी विचारलं, कुठली अर्धी. तिनं चौकटीतल्या वाक्यावर बोट ठेवलं. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईकडून येतो, हे खरं. पण त्या डीएनएत मूठभरच प्रथिनांची माहिती असते. बाकीची शेकडो प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जीन्सवरून बनतात आणि तिथे पाठवली जातात. ते जीन्स आई आणि बाप दोघांकडून येतात. मग तिनं वाचनालयाच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर मला पेशी काढून दाखवली. तंतुकणिका सुट्या दाण्यांसारख्या पडून नसतात. त्या एकमेकींना जोडल्या जातात, लांब दोरे होतात, तुटतात, पुन्हा जोडल्या जातात. जोडताना आतला माल एकमेकींत मिसळतो. एकीत बिघाड असला तर दुसरीच्या मालावर तिचं निभत असावं, असं तिच्या प्रयोगशाळेत मानत होते. हे जोडायचं काम करणारं प्रथिन नुकतंच माशीत सापडलं होतं आणि मग यीस्टमध्ये. यीस्टमधून ते काढून टाकलं की दोऱ्यांचं जाळं तुटतं, दाणे दाणे होतात, आणि काही दिवसांत त्यांचा स्वतःचा डीएनएसुद्धा हरवून जातो.

"आणि त्या प्रथिनाचा जीन कुठे असतो?" मी विचारलं.

"न्यूक्लिअसमध्ये. केंद्रकात. म्हणजे बाबांकडूनही येऊ शकतो."

दोरा आणि दाणा. जोडलं की दोरा, तुटलं की दाणा. कोशातला शब्द मला सांगत होता, आणि मी त्याच्या सुंदरपणावर भाळून पुढे गेले होते.

मी तिला धाकटीचं सांगितलं. ती गंभीर झाली. म्हणाली की ती डॉक्टर नाही. पण डोळ्याच्या नसेचा एक आजार बापाकडूनही येतो, हे जुनं ज्ञान आहे. त्याचा जीन सापडायचा आहे, केंद्रकात आहे एवढं नक्की. त्यात नजर लहानपणापासून हळूहळू जाते, मधलं पुसट होतं, कडेचं राहतं, आणि निळ्या-हिरव्याचा गोंधळ होतो. तिनं विचारलं, "तुझ्या बाबांचे डोळे तपासले होते ना?"

मी घरी चालत आले. छापखाना बंद होता. अण्णा बाहेर गेले होते. मी शाईच्या फडताळाशी गेले. डब्यांच्या झाकणांवर दाभणानं ओढलेल्या रेघा होत्या, निळ्यावर एक, हिरव्यावर दोन, पिवळ्यावर आडवी. त्या मी जन्मापासून पाहत होते. छापखान्यांत अशी पद्धत असते, असं मी समजत होते. पुढच्या गल्लीत दुसरा छापखाना होता. तिथे जाऊन मी मालकाला विचारलं, तुमच्या शाईच्या डब्यांवर रेघा कुठे आहेत. त्याला प्रश्नच कळला नाही. "रेघा कशाला ताई? रंग दिसतोय की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी शुद्धिपत्र लिहिलं. त्याच आकाराचं, त्याच टायपात बसेल असं. आधीच्या पत्रकातलं ठळक वाक्य चुकीचं होतं, हे पहिल्याच ओळीत. मग केंद्रकातल्या जीन्सविषयी, जोडणाऱ्या प्रथिनाविषयी, जे माहीत आहे ते आणि जे अजून माहीत नाही ते. शेवटी चौकटीत: 'आमच्या घरात हा आजार वडिलांकडून आला. आईचा व मावशीचा यात संबंध नाही.' ते मी अण्णांसमोर ठेवलं.

त्यांनी कागद डोळ्यांच्या बाजूला धरून वाचला. ते असेच वाचतात, हेही मी जन्मभर पाहिलं होतं. मग म्हणाले, "डोळा, निळा, पिवळा. 'ळ' पुरणार नाहीत."

"दोन वेळा जुळवा. अर्धं छापून खिळे सोडवा, मग उरलेलं."

"धाकटीचं लग्न व्हायचंय. तुझंही."

"मावशीचंही व्हायचं होतं, अण्णा."

ते उठले आणि केसीशी गेले. दोन दिवस जुळवत होते. त्यांची बोटं खिळा न बघता उचलत. ते कौतुक मी लहानपणी मैत्रिणींना दाखवायला आणायचे. प्रूफ मला द्यायची आमची पद्धत होती. या वेळी त्यांनी प्रूफ काढलं नाही. मी कामावरून परत आले तेव्हा छपाई झाली होती, आणि आई जमिनीवर बसून घड्या घालत होती.

मी एक उलगडलं. चौकटीत होतं: 'हा आजार वडिलांकडूनही येऊ शकतो. केवळ आईला दोष देऊ नये.'

'आला'चं 'येऊ शकतो' झालं होतं. 'आमच्या घरात' गेलं होतं. मावशी गेली होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुराचा एक काना न हलवणाऱ्या जुळाऱ्यानं माझा मजकूर बदलला होता, आणि बदलला होता तो छान बदलला होता. व्याकरण निर्दोष. कुठल्याही सभेत वाचून दाखवावं असं. मी खाली गेले नाही. गेले असते तर काय बोलले असते, ते मला माहीत होतं, आणि ते बोलून माझंच समाधान झालं असतं.

मी आईला म्हणाले, तू वाचलंस ना हे? मग शाईच्या डब्यांवरच्या रेघांचं सांगितलं. ती घड्या घालत राहिली.

"त्या मीच ओढल्यात," ती म्हणाली. "लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका हिरवी छापायची, ती निळी छापून बसले होते हे."

"तुला माहीत होतं? आणि त्या बायका आल्या तेव्हा तू कॉफी केलीस?"

"तेव्हा मला वाटलं, तू लिहिलंयस म्हणजे तसंच असेल. रंगाचं वेगळं असेल, नसेचं वेगळं." तिनं पुढचा कागद ओढला. "आणि नंतर वाटलं, वेगळं नसलं तरी आता काय? यांचा छापखाना गेला असता. जुळाऱ्याला दिसत नाही म्हटल्यावर काम कोण देतं?"

म्हणजे आईनं नवऱ्याला झाकलं, आणि पांघरूण म्हणून सख्खी बहीण वापरली. आणि मी तिला त्यासाठी एक शास्त्रीय वाक्य पुरवलं होतं. आमच्या घरातल्या कुठल्याही माणसावर नुसतं चिडता येत नाही, हेच मला सहन होत नव्हतं.

गठ्ठा घेऊन मी गच्चीवर गेले आणि पेनानं खोडायला लागले. 'वडिलांकडूनही येऊ शकतो' खोडायचं, समासात 'आमच्या घरात वडिलांकडून आला' लिहायचं, खाली मावशीची ओळ. थोड्या वेळानं धाकटी वर आली. तोवर ती कॉलेजात गेली होती, मान तिरकी करून चालायची आणि कुणी विचारलं तर ऐट म्हणून सांगायची. तिनं विचारलं काय चाललंय. मी सांगितलं. सांगतानाच माझ्या लक्षात आलं की लिहिण्याआधी मी तिला विचारलं नव्हतं. मजकूर तिच्या डोळ्यांचा होता, आणि दुसऱ्यांदा मी तिला न विचारता तो वाटायला निघाले होते.

"हे वाटलं तर माझ्या लग्नाचं अवघड होईल?" तिनं विचारलं.

"होईल."

"आणि नाही वाटलं तर मला दिसायला लागेल?"

ती शेजारी बसली. "मला खोडायचं कुठे ते दाखव. लिहिणं तू कर, तुझं अक्षर बरं आहे. पेन कुठल्या रंगाचं घेतलंयस?"

"निळं."

"मला काळं दे," ती म्हणाली.

चिकपेटच्या दुकानात मी स्वतः गेले. मुलाचं लग्न केव्हाच झालं होतं. त्याच्या आईनं मला बसवलं, कॉफी मागवली, कागद घेतला. चष्मा लावला नाही. बोलताबोलता समोरची साडी घडी करायला घेतली, आणि घडी बसावी म्हणून हातातला कागद आत सारला. त्यात तिचा दुष्टपणा नव्हता. दुकानात कागद त्याच कामाला असतो.

मग एका रविवारी देवनहळ्ळीची बस धरली. मावशी एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होती. केस पांढरे व्हायला लागले होते. कन्नड आता तिथल्यासारखं बोलत होती, माझ्याशीही आधी कन्नडमध्येच बोलली. 'स्वल्प थांब' म्हणून आतून पाणी घेऊन आली. मी शुद्धिपत्र दिलं. तिनं छापलेलं वाचलं, खोडलेलं वाचलं, समासातलं वाचलं. छापलेलं कुणाचं आणि हातानं लिहिलेलं कुणाचं, हे तिला सांगावं लागलं नाही.

मी म्हणाले, त्या दुकानातही देऊन आले. तिनं मान हलवली. मी आणखी काही बोलत होते. माफीसारखं काहीतरी. माझ्या तोंडून तेही पत्रकातल्यासारखंच निघत होतं.

तिनं मला मध्येच थांबवलं. "चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "तू नेहमीच चांगलं लिहितेस."

मग तिनं धाकटीचं विचारलं, आता कितपत दिसतं, कॉलेजात एकटी जाते का. मी सांगत राहिले. बसची वेळ झाली तेव्हा ती फाटकापर्यंत आली. कागद तिनं परत दिला नाही आणि ठेवून घेते असंही म्हणाली नाही. तो तिच्या हातात होता, दुमडून, आणि ती त्यानं वारा घेत होती.

पुढे शतक पालटल्यावर मी वाचलं की बापाकडूनही येणाऱ्या त्या आजाराचा जीन सापडला, आणि तो तंतुकणिका जोडणाऱ्या एका प्रथिनाचाच निघाला. ते बिघडलं की दोरे तुटतात, आणि डोळ्यामागची लांब, भुकेली नस आधी मरते. आमच्या घरात नेमकं तेच आहे का, हे कुणी तपासलेलं नाही. अण्णा अजूनही डॉक्टरकडे गेलेले नाहीत. छापखाना बंद झाला, शाईचे डबे मात्र फडताळात आहेत. आई त्यांत आता डाळी ठेवते. निळ्यात तूर, हिरव्यात मूग. अण्णा स्वयंपाकघरात आले की झाकणावरून अंगठा फिरवतात आणि हवा तो डबा काढतात.